कमावता भाऊ समुद्रात गेल्यावर: मोशे बेन मायमोनची केस

केस स्टडीत नावं झाकायची पद्धत असते, पण ह्या माणसाला जाऊन 800 वर्षं उलटलीत आणि त्याची खाजगी पत्रं आज जगभर वाचली जातात, त्यामुळे नाव झाकण्यात अर्थ नाही. मोशे बेन मायमोन. युरोपवाले मायमोनाइड्स म्हणतात, ज्यू लोक रामबाम, अरबीत मूसा इब्न मैमून. त्याच्या ग्रंथांवर भरपूर लिहिलं गेलंय, ते इथे बाजूला ठेवू. मला त्याच्या आयुष्यातला एकच पेच मांडायचाय: घर चालवणारा धाकटा भाऊ हिंदी महासागरात बुडाला, त्याच्याबरोबर घरची पुंजी गेली, आणि तोवर पुस्तकांत डोकं घालून बसलेल्या माणसाला पस्तिशी-चाळिशीत पोटापाण्याचं बघायची वेळ आली. त्यात ज्या मार्गाने पैसे सहज मिळाले असते तो मार्ग त्याने स्वतःच आधी लिहून बंद करून ठेवला होता. मला ह्या केसमध्ये सगळ्यात जास्त हेच महत्त्वाचं वाटतं.

पार्श्वभूमी

मोशेचा जन्म 1138 चा (जुनी परंपरा 1135 सांगते), गाव स्पेनमधलं कॉर्डोबा, वडील मायमोन तिथे ज्यू न्यायाधीश. 1148 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या अल्मोहाद ह्या कट्टर मुसलमान घराण्याने कॉर्डोबा घेतलं आणि ज्यू-ख्रिश्चनांच्या मागे लागले, धर्म बदला नाहीतर निघा. तेव्हा मोशे जेमतेम दहा वर्षांचा. पुढे बरीच वर्षं हे घर स्पेनमध्येच इकडून तिकडे फिरत राहिलं, मग 1160 च्या सुमारास मोरोक्कोतल्या फेझला आलं, राज्य तिथेही अल्मोहादांचंच. अरबी वैद्यक तो ह्याच काळात शिकला. गॅलेन, हिप्पोक्रॅटिस, अर-राझी असं सगळं वाचलेलं, पण त्यावर पोट भरायचं असं तेव्हा काही ठरलेलं नव्हतं, ज्ञान म्हणून शिकला.

1165 च्या एप्रिलमध्ये रात्री ही मंडळी जहाजात चढली. सहाव्या दिवशी असं वादळ आलं की जगण्याची आशाच सोडली होती. 16 मे ला पॅलेस्टाइनमधल्या अक्को बंदराच्या किनाऱ्याला लागले. जहाजात चढल्याचा दिवस आणि वादळाचा दिवस, हे दोन्ही दिवस आपण आणि आपल्या घरच्यांनी दरवर्षी उपास करायचा असा नेम त्याने तेव्हाच घेतला. पुढे काय झालं ते माहीत असताना हे वाचलं की पोटात खड्डा पडतो, कारण समुद्राने त्याला तेव्हा सोडलं आणि काही वर्षांनी भावाला धरलं. अक्कोहून जेरुसलेम, हेब्रॉन, मग इजिप्त, आधी अलेक्झांड्रिया आणि शेवटी फुस्तात, म्हणजे कैरोला लागून असलेलं जुनं शहर. वडील ह्याच सुमारास वारले.

फुस्तातमध्ये घराची जी घडी बसली ती नीट समजून घ्यायला हवी. धाकटा भाऊ दावीद व्यापार करायचा, रत्नं आणि तसला माल. मोशेचा पैसा त्याच धंद्यात गुंतवलेला. मोशे स्वतः घरी बसून लिहायचा, शिकवायचा, लोकांच्या धार्मिक प्रश्नांना उत्तरं द्यायचा. 1168 मध्ये त्याने मिश्नावरचं, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहावरचं, भाष्य पूर्ण केलं, 23 व्या वर्षी सुरू केलं आणि तिशीत संपवलं, आणि शेवटी स्वतःच लिहून ठेवलंय की ह्यातला काही भाग वाटेत मुक्कामी लिहिला, काही जहाजावर बसून लिहिला.

ह्या भाष्यात एक जागा आहे जिच्यावर ही अख्खी केस उभी आहे. तोरा म्हणजे धर्मज्ञान, त्याची कुदळ करून खणू नका, म्हणजे त्याला पोट भरायचं हत्यार करू नका, असं एक जुनं वचन आहे, त्यावर मोशे पानंच्या पानं लिहितो. सुरुवातीलाच म्हणतो की हे मोठमोठ्या विद्वानांना आवडणार नाही, म्हणून गप्प बसणार होतो, पण बोलतो. मग सांगतो की जुन्या काळच्या ऋषितुल्य माणसांनी कधी हात पसरला नाही, हिल्लेल हा जुना ज्यू पंडित लाकडं तोडायचा आणि शिकायचा. विद्वत्तेच्या नावाखाली लोकांकडून वर्षासन घेणं हे धर्माला बट्टा लावणं आहे. फक्त एक सवलत देतो: विद्वानाने आपला पैसा दुसऱ्याच्या हाती द्यावा, त्याने त्यावर व्यापार करून नफा आणून द्यावा, एवढं चालेल.

आता ही सवलत आणि त्याच्या स्वतःच्या घरची व्यवस्था शेजारी ठेवून बघा, अगदी तंतोतंत जुळते. ह्यात लबाडी होती असं मला अजिबात वाटत नाही, तत्त्व त्याला मनापासून पटलेलं होतं. पण तत्त्व लिहिताना त्याचा खर्च दावीद उचलत होता, हे खरं आहे, आणि हे मोशेलाही माहीत होतं. भाऊ बाजारात राबायचा आणि मी निर्धास्त बसायचो, असं त्यानेच नंतर लिहिलंय.

अडचण

दावीदचं एक पत्र शिल्लक आहे, 1170 च्या आसपासचं. ज्यू लोक देवाचं नाव असलेला कागद फेकत नाहीत, फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनाघरात) असे कागद साठवायची कोठडी होती तिला गेनिझा म्हणतात, तिथले लाखो तुकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केंब्रिजला गेले, त्यात हे फाटकं पत्र सापडलं.

पत्र ऐधाबहून लिहिलेलं आहे, तांबड्या समुद्राच्या आफ्रिकेकडच्या काठावरचं बंदर. तिथे जायचं म्हणजे नाईल नदीने वर कूसपर्यंत आणि मग वाळवंट. दावीदने घाईत तांड्याची वाट बघितली नाही, एका सोबत्याला घेऊन वाळवंट पार केलं. आपण अविचार केला हे तो स्वतःच कबूल करतो, पण नशीब असं की तांड्याने निघालेले लोक वाटेत लुटले गेले, काही मेले, काही तहानेने गेले, आणि हे दोघं वाचले. ऐधाबला पोचला तर बाजारात घेण्यासारखं काहीच नव्हतं, फक्त नीळ. एवढं सोसून नीळ घेऊन परत जायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून ठरवलं की हिंदुस्तानला जायचं. ज्याने वाळवंटात वाचवलं तो समुद्रातही वाचवेल, असं भावाला लिहितो. बायकोला आणि तिच्या बहिणीला धीर द्यायला सांगतो. आणि पुढचं वाक्य मला फार लागतं, ही सगळी धडपड तुम्हा सगळ्यांच्या सुखासाठी चाललीये, तू मात्र कधी माझ्यावर ह्याची सक्ती केली नाहीस, असं म्हणतो. हे पत्र पोचेल तोवर मी बरीच वाट कापलेली असेन, असंही.

म्हणजे घरच्यांना विचारून बदलता येण्यासारखा हा निर्णय राहिलाच नव्हता. पत्राने फक्त कळवलं.

हिंदुस्तानचा व्यापार तेव्हा इजिप्तच्या ज्यू व्यापाऱ्यांना नवीन नव्हता. त्याच शतकात अब्राहम बेन यिजू नावाचा ट्युनिशियातला ज्यू व्यापारी बरीच वर्षं मंगळूरला राहून मिरी, वेलची पाठवायचा, पितळेची भांडी बनवायचा कारखाना चालवायचा, त्याचीही पत्रं गेनिझात आहेत. नफा मोठा, धोकाही मोठा.

दावीद हिंदी महासागरात बुडाला, 1170 च्या दशकात. बातमी आल्यावरचं मोशेचं वर्णन अक्कोच्या याफेत नावाच्या ओळखीच्या न्यायाधीशाला काही वर्षांनी लिहिलेल्या पत्रात येतं. दावीदबरोबर माझा पैसा, त्याचा पैसा आणि इतर लोकांचाही पैसा गेला, मागे त्याची विधवा आणि लहान मुलगी माझ्याकडे राहिली. बातमी कळली त्या दिवसापासून जवळपास वर्षभर मी अंथरुणात होतो, गळवं, ताप आणि मन ठिकाणावर नाही. आठ वर्षं झाली तरी दुःख तसंच आहे. तो माझ्या मांडीवर वाढला, माझा भाऊ होता, माझा शिष्य होता. त्याचं अक्षर दिसलं तरी काळजात कालवतं.

हाच माणूस आपल्या कायद्याच्या ग्रंथात शोकाचे नियम सांगतो: तीन दिवस रडायचं, सात दिवस गुण आठवायचे, तीस दिवस केस कापायचे नाहीत, त्यापुढे शोक वाढवू नये. नियम लिहिणाराही माणूसच होता एवढंच त्यातून दिसतं, आणि मला त्याच्याबद्दलचा आदर वाढतो, कमी होत नाही.

आता हिशेब मांडू. खाणारी तोंडं वाढलेली, कमावता गेलेला, भांडवल बुडालेलं, तब्येत खालावलेली. शिवाय इजिप्तमध्ये त्याच्याविरुद्ध चहाड्या करून त्याचा जीव घ्यायचे प्रयत्न झाल्याचंही तो त्याच पत्रात लिहितो. वहिनी आणि पुतणीची नावं कुठेच नोंदलेली नाहीत, आणि खरी झळ सगळ्यात जास्त त्यांना लागली.

समोरचे पर्याय

पहिला, समाजाकडून वर्षासन. हे अगदी शक्य होतं. बगदादच्या ज्यू विद्यापीठांचा कारभार पिढ्यानपिढ्या देणग्यांवरच चालत आलेला. मोशेचं नाव तोवर मोठं झालं होतं, 1168 मध्ये क्रुसेडवाल्यांनी बिलबैस शहरातून पकडून नेलेल्या लोकांना सोडवायला त्यानेच पैसे गोळा केले होते, 1171 च्या सुमारास तो इजिप्तच्या ज्यूंचा प्रमुखही झाला होता. लोकांनी आनंदाने दिलं असतं. फक्त त्याने 1168 मध्ये जे लिहिलं ते पुसावं लागलं असतं.

दुसरा, दावीदचा धंदा स्वतः चालवणं. ह्यात तत्त्वाची अडचण नव्हती. पण भांडवल गेलेलं, आणि प्रवास करायचा म्हणजे पुन्हा तेच वाळवंट आणि तोच समुद्र. वर्षभर अंथरुणात पडलेल्या माणसाला हे जमलं असतं असं वाटत नाही, आणि घरात दोन बायामाणसं आधीच एका समुद्राने उघडी पाडलेली.

तिसरा, दुसऱ्या कोणाच्या हाती पैसा देऊन जुनीच व्यवस्था चालू ठेवणं, पण द्यायला पैसाच नाही आणि दावीदसारखा विश्वासाचा माणूस नाही.

चौथा, फेझमध्ये शिकलेलं वैद्यक. भांडवल लागत नाही, शहर सोडावं लागत नाही, ज्यू हकीम इजिप्तमध्ये मुसलमान अमीर-उमरावांच्या घरीही जायचे. आणि कष्टाचा पैसा, म्हणजे हिल्लेलच्या लाकडांच्या जवळ जाणारा. तोटा एकच, हकिमाचा दिवस स्वतःचा राहत नाही.

काय केलं

चौथा मार्ग घेतला. एका रात्रीत काही घडलं नाही. ह्याच काळात मिश्नेह तोरा हा त्याचा 14 भागांचा प्रचंड कायद्याचा ग्रंथ चालू होता, दहा वर्षांचं काम, तो पूर्ण झाला. त्यात वर्षासनाबद्दल माघार घेतली असेल असं कोणाला वाटलं असतं, तर उलट भाषा आणखी कडक केली: मी काम करणार नाही, फक्त अभ्यास करीन आणि दानावर जगीन असं जो मनाशी ठरवतो तो देवाच्या नावाचा अपमान करतो, धर्माची ज्योत विझवतो. दावीद असताना लिहिलेलं सोपं होतं असं म्हणता येतं, पण मिश्नेह तोराबद्दल तसं म्हणता येत नाही.

वैद्यकात नाव होत गेलं. इजिप्तचा सुलतान सलादिन, त्याचा उजवा हात असलेला वजीर, काझी अल-फादिल, ह्याने 1185 च्या सुमारास त्याला दरबारी हकीम नेमलं आणि वार्षिक तनखा बांधून दिला. आता कोणी म्हणेल की तनखा तर घेतलाच ना. पण हा नाडी बघायचा, औषध द्यायचा पैसा होता, विद्वत्तेचा नाही, आणि त्याच्या लेखी फरक इथेच होता. लग्नसंबंधही कामाला आले, त्याच्या बायकोच्या भावाने त्याच्या बहिणीशी लग्न केलं होतं आणि तो मेव्हणा सलादिनच्या थोरल्या मुलाच्या आईचा चिटणीस होता.

काय झालं

घर सावरलं. 1186 मध्ये मुलगा अब्राहम झाला. 1190 च्या सुमारास तत्त्वज्ञानाचा मोठा ग्रंथ झाला. दमा, मूळव्याध, विषबाधा ह्यांवर वैद्यकाची पुस्तकं झाली, दहाच्या आसपास. सलादिनचा मुलगा अल-अफ्दल पोटाच्या तक्रारी आणि उदासी घेऊन आला तेव्हा त्याच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात एक भाग मनाच्या अवस्थांचा शरीरावर काय परिणाम होतो ह्यावर आहे, दुःखाने चेहरा कसा उतरतो, आवाज कसा बदलतो. वर्षभर अंथरुणात पडलेल्या माणसाने हे लिहिलंय हे लक्षात ठेवून तो भाग वाचावा.

आणि किंमत? ती 1199 मध्ये शमुएल इब्न तिब्बोनला लिहिलेल्या पत्रात आहे. हा दक्षिण फ्रान्समधला अनुवादक भेटायला येतो म्हणाला, तर मोशेने त्याला आपला दिवसच लिहून पाठवला. मी फुस्तातला राहतो, सुलतान कैरोला, दोनेक किलोमीटर. रोज सकाळी तिकडे जायचं, मुलं किंवा जनान्यातलं कोणी आजारी असेल तर दिवसभर तिथेच. दुपारनंतर भुकेला परत येतो तर ओसरी माणसांनी भरलेली, ज्यू, मुसलमान, मोठे, छोटे, न्यायाधीश, मित्र, शत्रूसुद्धा. जनावरावरून उतरतो, हात धुतो, त्यांची माफी मागून दोन घास खातो, चोवीस तासांतलं तेवढंच जेवण. मग रात्र पडेपर्यंत, कधी त्याच्याही नंतर दोन तास रोगी बघतो, थकव्याने आडवं पडूनच औषधं सांगतो, शेवटी तोंडातून शब्द फुटत नाही. ज्यू लोकांना माझ्याशी बोलायचं तर फक्त शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी. ये, पण तासभर एकांतात बोलता येईल अशी आशा ठेवू नकोस.

तेव्हा तो साठी गाठलेला होता. ज्या अभ्यासाची अब्रू राखायला हा व्यवसाय धरला, त्या अभ्यासाला आठवड्यातला एक दिवस उरला. एका शिष्याला त्याने ह्याच्याही आधी लिहिलं होतं की दिवसभर कैरोत जातो, शब्बाथ सोडून तोरा वाचायला वेळ मिळत नाही.

काय काय राहून गेलं तेही सांगता येतं. मिश्नेह तोरामध्ये त्याने नियमांचे मूळ आधार दिले नव्हते, त्यावर टीका झाली, त्याने मान्य केलं की द्यायला हवे होते, वेगळं पुस्तक करू म्हणाला. ते झालं नाही. दक्षिण फ्रान्समधल्या ल्युनेल गावच्या ज्यू विद्वानांनी तत्त्वज्ञानाचा ग्रंथ अरबीतून हिब्रूत करून द्या म्हणून विनवलं, तर वेळ नाही म्हणून कळवावं लागलं, आणि ते काम इब्न तिब्बोनने 30 नोव्हेंबर 1204 ला संपवलं. मोशे 13 डिसेंबरला गेला.

ह्याच ल्युनेलवाल्यांना लिहिताना त्याने जगभरच्या ज्यूंची परिस्थिती सांगताना हिंदुस्तानातल्या ज्यूंचा एक उल्लेख केलाय, की तोरातलं त्यांना शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुंता एवढंच माहीत आहे. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणायचे, त्यांच्याशी ही ओळ अनेकांनी जोडलीये. ज्या मुलखाकडे भाऊ निघाला होता तिथल्या ज्यूंबद्दल कैरोत बसून एवढं तरी त्याच्या कानावर होतं.

कुठे वेगळं करता आलं असतं

दावीदच्या बाजूने बघितलं तर ऐधाबचा निर्णय. त्या काळचे व्यापारी शक्यतो माल दोन-तीन जहाजांत विभागून पाठवायचे, म्हणजे एक बुडालं तरी सगळं जात नाही. इथे घरचं, स्वतःचं आणि लोकांचं, इतकं सगळं एका माणसाबरोबर गेलं की घर पुन्हा उभं राहायला वर्षं लागली. नीळ घेऊन परत आला असता तर नफा किरकोळ झाला असता, पण दोन्ही भाऊ एका छपराखाली असते. एवढा प्रवास केलाय तर आता रिकाम्या हाताने कसं जायचं, हा विचार घात करतो, आणि तो वाळवंटातून जिवंत निघाल्यावर जास्तच जोरात येतो.

मोशेच्या बाजूने प्रश्न अवघड आहे. दोनशे वर्षांनी शिमोन दुरान नावाच्या विद्वानाने ह्यावर उत्तर दिलंय आणि ते मला फार न्यायाचं वाटतं. हा दुरानही हकीमच. 1391 मध्ये मायोर्कातल्या ज्यूंवर हल्ले झाले, तो जीव वाचवून अल्जियर्सला आला, तिथे वैद्यकावर पोट भरेना, म्हणून समाजाचा पगार घेऊन धर्माचं काम करायला लागला. त्याचं म्हणणं असं की रामबामला नशिबाने साथ दिली, दरबारात मान मिळाला, म्हणून त्याला वर्षासन नको म्हणता आलं, पण ज्यांना तसं मिळालं नाही त्या विद्वानांनी काय उपाशी मरायचं? सोळाव्या शतकात योसेफ कारो ह्या ज्यू कायदेपंडितानेही लिहिलं की असे पगार घेतले नसते तर तोरा कधीच विसरली गेली असती. पुढच्या ज्यू समाजाने व्यवहारात दुरान आणि कारोचंच ऐकलं, राब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, पगार मिळत राहिले.

मोशेने मात्र शेवटपर्यंत तोच सल्ला दिला. योसेफ नावाचा त्याचा लाडका शिष्य बगदादला शाळा काढायला निघाला तेव्हा त्याला लिहिलं की विणकर, शिंपी किंवा सुताराचं काम करून मिळवलेला एक दिरहम मला तिथल्या पुढाऱ्यांच्या परवान्यापेक्षा मोलाचा वाटतो, व्यापार कर, वैद्यक शीक, आणि सोबत तोरा.

माझं स्वतःचं मत असं की तत्त्व ठेवूनही दिवस वेगळा आखता आला असता. ओसरीवरच्या गर्दीतले निम्मे रोगी शिकाऊ हकिमाने बघितले असते तर आधारांचं ते पुस्तक झालं असतं. अल-फादिलचा तनखा चालू झाल्यावर तरी घरच्या रोग्यांवर मर्यादा घालायला जागा होती. पण दारात आलेल्याला, आणि त्यात स्वतःचा शत्रूही आला, उद्या या म्हणायला जीभ वळली नसावी. मुलगा अब्राहम अठरा वर्षांचा असताना वडील गेले, तो ज्यूंचा प्रमुखही झाला आणि दरबारी हकीमही, म्हणजे वडिलांनी ज्या दोन गाड्या एकट्याने ओढल्या त्या दोन्ही त्याच्याच गळ्यात आल्या.